माहेरची वही

"मावशी, चहा."

टेबलावर माझी वही उघडी होती. तिच्यावर सात माणसं वाकली होती. आणि मला चहा आणायला सांगितलं होतं.

पाहुणे लांबून आले होते. दोन गोऱ्या बायका, आफ्रिकेतला एक उंच डॉक्टर, मुंबईचा दुभाषा, बाकी आपल्याच जिल्ह्यातले साहेब. गरीब देशांतली आरोग्यसेवा कशी भक्कम करायची, खेड्यापाड्यांत काम करणारी माणसं कशी तयार करायची, हे बघत ते देशोदेशी फिरत होते. फिरत फिरत आमच्या उपकेंद्रात आले. शिळफाट्यावरून आत वळलं की सहा किलोमीटरवर आमचं गाव, गावाच्या तोंडाशी उपकेंद्र. पाहुण्यांसाठी त्याला आतून-बाहेरून रंग दिला होता. रंग रंगाऱ्यांनी दिला. फरशीवर सांडलेला मी खरवडला. दोन दिवस, दाढीच्या ब्लेडनं, गुडघ्यांवर बसून.

पिकल्या केसांची गोरी बाई वहीचं एकेक पान हळू उलटत होती. एका पानावर थांबून तिनं काहीतरी विचारलं. दुभाषा म्हणाला, "विचारतायत, हे अक्षर कुणाचं आहे?"

आमच्या मॅडम हसल्या. "आमच्या टीमचं. मी इथे जॉईन झाल्यावर हा उपक्रम सुरू केला."

मी ट्रे घेऊन दारात उभी होते. बाईनं माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, या कोण? तेवढं इंग्रजी मला समजतं. मी बारावी सायन्स आहे.

"त्या आमच्या मावशी," मॅडम म्हणाल्या. "साफसफाई बघतात."

बाईनं मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. माझ्या दोन्ही हातांत ट्रे होता. मला परत नमस्कारही करता आला नाही.

मग फोटो निघाला. मॅडमनी वही छातीशी धरली. "मावशी, जरा बाजूला व्हा." मी बाजूला झाले. तो फोटो अजून उपकेंद्राच्या भिंतीवर आहे. नीट बघितलं तर उजव्या कडेला ट्रेचा कोपरा दिसतो. मी रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसते.

आता एक सांगते. ज्या बाईनं मला मावशी म्हटलं ती माझ्याच वयाची आहे. दोन महिन्यांनी मोठी आहे, खरं तर. पाचवीपासून बारावीपर्यंत खोपोलीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो.

तिचे वडील डॉक्टर, आजोबा वकील. बाजारपेठेत वर घर, खाली दवाखाना. मी गावातून यायची. कधी एसटी, कधी कुणाचा भाजीचा टेंपो. तिला आकृत्या काढायचा कंटाळा. "तुझं अक्षर किती छान आहे गं, दे ना जर्नल." मी द्यायची. हृदय, मूत्रपिंड, बेडकाचं पोट, सगळं तिनं माझ्या जर्नलवरून उतरवलं. नावं टाकायची माझी पद्धत, बाणाची रेघ पट्टीनं आणि अक्षर किंचित डावीकडे झुकलेलं. तेच अक्षर वहीत होतं. गोऱ्या बाईनं विचारलं तेव्हा तिला माहीत नव्हतं असं नाही.

बारावीला जीवशास्त्रात मला तिच्यापेक्षा चार मार्क जास्त पडले. पंधरा वर्षं झाली. ते चार मार्क मी विसरलेली नाही.

निकालानंतर तिचे वडील गाडी घेऊन तिला पुण्याला कॉलेजात सोडायला गेले. मी अलिबागला नर्सिंगचा फॉर्म भरला होता, नंबरही लागला होता. माझे वडील म्हणाले, "हास्टेलात ऱ्हायाचं? येकटीनं? गावाला काय सांगू मी?" गावाला सांगायला त्यांना तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न मिळालं. नवरा साजगावच्या कारखान्यात पाळीवर. सासू उपकेंद्रात परिचर. तिची वयोमर्यादा संपली तेव्हा तिच्या जागी मला घेतलं. कागदावर आमच्या पदाचं नाव आहे अंशकालीन स्त्री परिचर. अंशकालीन म्हणजे अर्धवेळ. दिवसातली अर्धी वेळ कुठली, ते सासूलाही कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही नाही. नर्सबाईंची जागा दीड वर्ष रिकामी होती. त्या दीड वर्षात कुलूप मी उघडलं, लशीचा डबा आरोग्य केंद्रातून मी आणला, पाड्यापाड्यांत मी फिरले, आणि दोन बाळं माझ्या हातावर आली कारण गाडी वेळेत आली नाही.

वहीची गोष्ट सासूपासून सुरू होते. ती शाळेची पायरी चढलेली नाही. पण कामाला लागले त्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं, "पोटुशी बाय दिसली का पयलं तिचं माहेर इचार. बाय ऱ्हाते सासरी, पन पयलटकरीन बाळंत व्हते माहेरी. आनी सरकार तिला सासरी हुडकतंय."

अगदी खरं होतं ते. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की भाऊ न्यायला येतो. नाव आमच्या यादीत, बाई दुसऱ्या गावात. खालापूरची सून कर्जतला गेली तर तिकडच्या लोकांना तिचा पत्ता नसतो, कारण ती आमच्या यादीत. आणि आम्ही तिला बघू शकत नाही, कारण ती तिकडे. नववा महिना, सगळ्यात धोक्याचा, आणि नेमकं तेव्हाच ती कुणाचीच नसते.

सासूनं हे सगळं डोक्यात ठेवलं होतं. मी वहीत उतरवलं. दोनशे पानी वही, प्रत्येक बाईला एक पान. माहेर कुठलं, वाडी कुठली, गाडी कुठपर्यंत जाते, भावाचा फोन नंबर, न्यायला आले ती तारीख. आणि एक रकाना मी माझ्या मनानं घातला: आई आहे का? आई असली की लेकीच्या पायावरची सूज बघते. वहिनी बघेलच असं नाही.

मग उपकेंद्राला नवी पाटी लागली आणि तिच्याबरोबर नव्या मॅडम आल्या. समुदाय आरोग्य अधिकारी. जीपमधून उतरली, आणि मी झाडू टाकून उभीच राहिले.

"अगं! तू? इथे?" तिनं मला मिठी मारली. खरी मिठी. तिच्या अंगाला चांगला वास येत होता. माझ्या अंगाला फिनेलचा.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं हाक मारली, "ओ मावशी." तिनं ऐकलं. दुपारी मला म्हणाली, "इथे सगळे तुला मावशीच म्हणतात ना? मग मीही तेच म्हणते. चार लोकांत बरं दिसतं." मी म्हटलं, "म्हना की." त्या दिवसापासून ती मॅडम आणि मी मावशी. ती मला अहो-जाहो करते. लोकांना तो मान वाटतो.

जळणं काय असतं ते मला त्या महिन्यांत कळलं. कानामागून आली नि तिखट झाली, असं म्हणतात. ही तर कानामागूनही आली नव्हती, शेजारच्या बाकावरून आली होती. तिची खुर्ची माझ्या डोळ्यात खुपायची. चाकांची, निळी. तिचं नाव लिहिलेली पाटी खुपायची. बायका तिच्यासमोर पदर सावरून बसायच्या आणि मला म्हणायच्या, "मावशे, पानी दे गं." माझ्याच हातावर बाळंत झालेल्या बायका. ती घरी गेली की मी तिची नळी कानाला लावून स्वतःच्या छातीचे ठोके ऐकायची. तिच्या चहात साखर जरा कमीच घालायची. एकदा तिच्या नव्या चपला बाहेर पावसात राहिल्या. मी बघितल्या, आणि राहू दिल्या. हे सगळं लिहायला लाज वाटते. पण हे अनुभवकथन आहे, देवळातली पोथी नाही.

आणि तिचं काम? चांगलं होतं. ते आणखी वाईट. आळशी असती, उर्मट असती, तर मला किती बरं वाटलं असतं. ती पाड्यावर चालत यायची. म्हाताऱ्यांच्या पायांच्या जखमा स्वतः धुवायची. मी रात्रंदिवस तिच्यात खोट शोधायची आणि मला ती सापडायची नाही.

मग तिला वही सापडली. "हे तू लिहिलंस? कमाल आहे गं तुझी." त्या दिवशी ती पुन्हा "तू" म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी दोनदा चहा केला. तिनं वही घरी नेली. आठ दिवसांनी परत आली ती कव्हर घालून. वर छापील कागद चिकटवला होता, नावीन्यपूर्ण उपक्रम, खाली तिचं नाव आणि पद. कव्हरच्या खाली पुठ्ठ्यावर माझं नाव होतं. ते तिनं खोडलं नव्हतं, फक्त झाकलं होतं. साहेब आले, दुसरे साहेब आले, शेवटी पाहुणे आले.

पाहुणे गेले त्या संध्याकाळी मी ठरवलं. आयत्या बिळावर नागोबा बसलाय ना? बसू दे. पुढचं बीळ नागोबानंच खणावं. मी वहीत लिहिणं बंद केलं. कुणाला न्यायला भाऊ आला, मला कळायचं. कुणाची आई वारली, तेही कळायचं. मी ते डोक्यात ठेवायची, सासूसारखं. वहीतला तारखेचा रकाना कोराच राहायला लागला. सहा आठवडे.

सारिका पलीकडच्या पाड्यावरची सून. एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. एका रविवारी तिचा भाऊ टेंपो घेऊन आला आणि तिला कर्जतकडे, कशेळ्याच्या पुढच्या वाडीवर घेऊन गेला. टेंपो उपकेंद्रावरून गेला तेव्हा मी पायरीवर बसले होते. तिनं हात केला. तिच्या चपला तिच्या मांडीवर होत्या. सुजलेले पाय त्यांत मावत नव्हते म्हणून. मी ते बघितलं. उठले नाही.

मंगळवार गरोदर बायकांच्या तपासणीचा. सारिका आली नाही. अकरा वाजले तशी मॅडम अस्वस्थ झाली. मागच्या खेपेला सारिकाचं बीपी वर गेलं होतं. तिनं नवऱ्याला फोन लावला. तो कारखान्यात, आणि कारखान्यात फोन गेटवर ठेवून घेतात. सासऱ्याचा बंद. मोबाईलच्या ॲपमध्ये पत्ता पाड्याचा. पण तिनं नुसत्या ॲपवर सोडलं नाही. तिनं कपाट उघडलं आणि वही काढली.

मी फरशी पुसत होते, तिच्या टेबलापासून दोन हातांवर.

"न्यायला आले ती तारीख..." ती मोठ्यानं वाचत होती. "कोरं आहे. म्हणजे अजून नेलेलं नाही. इथेच आहे ती." तिनं ड्रायव्हरला विचारलं, "पलीकडच्या पाड्यावर गाडी जाते ना?" ड्रायव्हर म्हणाला, ओढ्यापर्यंत जाते. मला तिनं काही विचारलं नाही. ओल्या फरशीवरून चवड्यांवर चालत, माझं फडकं ओलांडून ती बाहेर गेली.

मला माहीत होतं. आणि मी गप्प बसले.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

जीप गेली. मी हात पुसले आणि तिच्या खुर्चीवर बसले. निळ्या, चाकांच्या. एक गिरकी घेतली. हुडकू दे म्हटलं. ओढा ओलांडू दे, कुलूप बघू दे, सासूला शेतात शोधू दे. कुणाच्या वहीवर कुणाचं नाव लावलं ते कळू दे. इतकं गोड मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

वही टेबलावर उघडीच होती. सारिकाचं पान. तो कोरा रकाना डोळे भरून बघावा म्हणून मी वाकले. आणि त्याच्या वरची ओळ वाचली. माझं अक्षर, तिसऱ्या महिन्यातलं, डावीकडे झुकलेलं. आई नाही. वहिनी नवी. पाय रोज बघायला सांगणे.

पाय रोज बघायला सांगणे. कुणी सांगायचं होतं?

मॅडमनी ॲपवर विश्वास ठेवला नव्हता. तिनं माझ्या अक्षरावर ठेवला होता. शाळेत ठेवायची तसाच, न तपासता.

वहीतला नंबर लावला. भाऊ शेतात होता, दुसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला. मी म्हटलं, "सारिका कशी हाय रं?"

"बरी हाय की. डोकं दुखतंय म्हन्ते कालपासनं. निजलीय."

"आनी काय म्हन्ते?"

"डोल्यापुडं काजवं चमकतात म्हन्ते. पित्त आसंल. घरची म्हन्ली, उद्या दावू."

दहा वर्षं तालुक्याच्या प्रशिक्षणांत मी चहा वाटला आहे. वाटता वाटता ऐकलं आहे. सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढं काजवे. या तिन्हींनंतर झटके येतात.

"उद्या नाय रं! आत्ता!" मी ओरडले. "डाव्या कुशीवर निजव तिला टेंपोत. खाया-प्याया काय देऊ नको. कशेळ्याच्या फाट्यावर ये, तितं गाडी लावते मी. निघ, माझ्या दादा, निघ."

१०८ लावला, फाटा नीट समजावला. मग मॅडमला लावला. तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"मॅडम, ती इथं नाय. माहेरी हाय. डोल्यापुडं काजवं दिसतायत तिला. कर्जतच्या दवाखान्यात फोन करा, झटक्याचं इंजेक्शन काढून ठेवा म्हनावं."

 "तुला कसं माहीत?" तिनं विचारलं.

"मागून सांगते."

तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. दोन मिनिटांत तिचा दवाखान्यात फोन गेला होता. ती चांगली डॉक्टर आहे. हे लिहायला मला जड जातं, म्हणूनच लिहिते आहे.

फाट्यावर टेंपोतून गाडीत घेताना सारिकाला पहिला झटका आला. दुसरा रस्त्यात. जीभ चावली गेली. दवाखान्यात इंजेक्शन तयार होतं. तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात नेऊन पोट उघडून मूल काढलं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. दोघी जगल्या. सारिकाला तो दिवस आठवत नाही. अजून एका डोळ्यानं तिला धुरकट दिसतं. अर्धा तास आधी निघाली असती तर काय झालं असतं, ते कुणीच सांगू शकत नाही. मी मॅडमला विचारलं होतं. ती म्हणाली, सांगता येत नाही. मी रोज विचारते, स्वतःला.

मी वाट बघत होते. कुणीतरी ओरडेल, विचारेल, बये, तू तिथेच होतीस ना? दिवस गेला. आठवडा गेला. कुणी विचारलं नाही. मॅडम एवढंच म्हणाली, "बरं झालं तुम्हाला सुचलं, मावशी."

तालुक्याला बैठक झाली. मी बाहेर व्हरांड्यात, उरलेल्या, परत द्यायच्या लशींचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. दार उघडं होतं. साहेबांचा आवाज चढला होता.

"तुमचा तो नावीन्यपूर्ण उपक्रम कुठे गेला? देशोदेशीचे लोक बघून गेले! त्यात नोंद का नाही?"

"सर, अपडेट करायचं राहिलं," मॅडम म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "माझी जबाबदारी आहे."

मला वाटलं होतं मला आनंद होईल. याच क्षणासाठी तर मी सहा आठवडे रकाना कोरा ठेवला होता.

"आणि ती तुमची मावशी? ती त्याच गावची ना? तिला माहीत नव्हतं?"

"नाही सर. मावशींना काय माहीत असणार? त्या फक्त साफसफाई बघतात."

तेच वाक्य. पाहुण्यांपुढे म्हटलेलं. या वेळी ती मला वाचवायला म्हणाली होती, हे मला कळत होतं. आत कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "तेही खरंच," आणि पुढच्या विषयाकडे वळले.

अंगाची लाही झाली माझी. पाहुण्यांसमोर झाली नव्हती इतकी. एका बाईचा जीव जाता जाता राहिला होता, माझ्यामुळे. आणि या लोकांना मला दोषसुद्धा द्यायचा नव्हता. चूक करायलासुद्धा माणूस असावं लागतं. मी त्यांच्या हिशेबी फडकं होते. फडक्याला कोण विचारतं, तू का बोललं नाहीस?

मी डबा खाली ठेवला आणि आत गेले. चप्पल काढली नाही.

"मला म्हाईत व्हतं, सायेब."

सगळी तोंडं वळली. मॅडमनं मान हलवली, नको म्हणून.

"वही माझी हाय. अक्षर माझं हाय. मॅडमला ते शाळेपासनं ठावं हाय, आमी एका बाकावरच्या. रविवारी भाऊ तिला घिऊन गेला, मी बघितलं. पाय सुजलेलं बघितलं. मंगळवारी मॅडम हुडकाया निघाल्या तवा मी तितंच फरशी पुशीत व्हते. बोल्ले नाय. अर्धा तास बोल्ले नाय."

साहेबांनी चष्मा काढला. "का?"

"जळत व्हते म्हनून."

 साहेब क्लार्ककडे वळले. "लिहून घ्या हे."

क्लार्कनं लिहिलं. मी टेबलाशी जाऊन वाकून बघितलं. त्यानं लिहिलं होतं, उपकेंद्रातील मावशी यांनी सांगितले की.

"मावशी नाव नाय माझं," मी म्हटलं. "खोडा ते."

त्यानं खोडलं. मी नाव सांगितलं. माझं, नवऱ्याचं, आडनाव. पद सांगितलं. त्यानं लिहीपर्यंत तिथून हलले नाही.

बाहेर ड्रायव्हर म्हणाला, "हात दाखवून अवलक्षन कशाला गं? कुनी इचारलं व्हतं तुला?" मी म्हटलं, "कुनी इचारलं नाय, म्हनूनच."

बारा दिवसांनी नोटीस आली. कारणे दाखवा. सरकारी पाकीट, वर माझं पूर्ण नाव, एकही काना-मात्रा न चुकता. मी घरी वाचून दाखवली. सासू भिंतीला टेकून ऐकत होती. मला वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "नाव वाच परत." मी वाचलं. "तीस वर्सं केलं मी," ती म्हणाली. "माझ्या नावाचा येक कागूद नाय आला घरी. वाईट बी नाय आला." आणि तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. "अगं, वेडी आहेस का तू? सरळ माफी लिही. गोंधळले होते म्हण. मी साहेबांशी बोलते, सांभाळून घेते."

"नको सांभाळू," मी म्हटलं. शाळेनंतर पहिल्यांदा मी तिला अगं-तुगं केलं. "वही दे."

 डोळे भरले होते तिचे. मला तिची दया आली नाही. तिनं कपाट उघडलं आणि वही दिली. तिच्यासमोर बसून, ज्या ब्लेडनं मी पाहुण्यांसाठी फरशी खरवडली होती त्याच ब्लेडनं मी ते कव्हर कापून काढलं. खाली माझं नाव होतं, थोडं फिकट झालेलं. सारिकाचं पान काढलं. तारखेचा रकाना भरला. त्याखाली लिहिलं: माहीत होतं. सांगितलं नाही. अर्धा तास. आणि सही केली. मग सहा आठवड्यांच्या बाकीच्या बायकांची पानं भरायला घेतली. दुपार त्यातच गेली.

नोटिशीला उत्तर दिलं आहे. एकच पान. लिहिलं आहे की मी गप्प बसले, हे खरं आहे, आणि शिक्षा द्यावी. पण शिक्षा आरोग्य कर्मचाऱ्याला द्यावी, झाडलोटीच्या बाईला नाही. चूक माझी धरणार असाल तर वहीही माझी धरावी लागेल. वही दुसऱ्याची आणि चूक कुणाचीच नाही, असं मी यापुढे चालू देणार नाही. आणि ज्या बाईनं दहा वर्षं प्रशिक्षणात चहा वाटला तिला प्रशिक्षण द्यावं, म्हणजे पुढच्या वेळी तिला बोलायला अर्धा तास लागणार नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. कामावरून काढतील कदाचित. काढलं तरी वही माझ्याकडे राहील आणि पाडे मला पाठ आहेत.

आणि जळणं म्हणाल, तर मी अजून जळते. तिची निळी खुर्ची दिसली की पोटात दुखतं. ती पुण्याला गेली आणि मी गेले नाही, हे मी माफ केलेलं नाही, तिलाही नाही आणि माझ्या बापालाही नाही. करणारही नाही. पण ते जळणं आता मी कुठल्या पोटुशीच्या वाट्याला जाऊ देणार नाही. जे मला हवं आहे ते मी तोंडानं मागेन.

बुधवारी तालुक्याला प्रशिक्षण आहे. यादीत माझं नाव नाही. मी जाणार आहे. वही घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे. चहा दुसऱ्या कुणीतरी आणावा.